हान्स लिटन : पोलिसांना जाब विचारणारा वकील



मी फौजदारी वकिली करतो हे कळले, की आपल्यापैकी बहुतेकजण एक प्रश्न विचारतातच. पोलिसांनी पकडून आणलेल्या माणसाची बाजू घ्यायला तुझे मन कसे होते? या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामापेक्षा एका जर्मन वकिलाच्या आयुष्यात जास्त चांगले सापडते. म्हणून या स्मरणिकेत त्याच्याविषयीच लिहितो.

हान्स लिटन यांचा जन्म १९ जून १९०३ रोजी जर्मनीतील हाले या गावी झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक, जन्माने ज्यू पण पुढे ख्रिस्ती झालेले. हान्सना खरी ओढ कलेच्या इतिहासाची होती, पण वडिलांच्या आग्रहाखातर ते कायदा शिकले. परीक्षांत उत्तम यश मिळाले, सरकारी न्याय खात्यात नोकरीही चालून आली. ती नाकारून त्यांनी १९२८ साली लुडविग बारबाश या मित्राबरोबर बर्लिनमध्ये वकिली सुरू केली. अशील बहुतेक कामगार वस्तीतले.

वर्षभरातच कसोटीची वेळ आली. १९२९ च्या मे दिनाला बर्लिनचे पोलीसप्रमुख कार्ल त्स्योर्गीबेल यांनी मिरवणुकांवर बंदी घातली. तरीही कामगार रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन दिवसांत तीसहून अधिक माणसे मेली. मिरवणुकीशी काही संबंध नसलेलेही त्यांत होते. पोलिसांपैकी मात्र कोणी मेले नाही. लिटन यांनी थेट पोलीसप्रमुखांवरच फिर्याद दिली. आरोप होता ३३ खुनांना चिथावणी दिल्याचा. हाइनरिश मान, आल्फ्रेड डोब्लिन यांच्यासारख्या लेखकांना बरोबर घेऊन त्यांनी चौकशी समितीही उभी केली. सरकारी वकिलांनी ही फिर्याद चालवली नाही. पण खाकी असो की निळी, वर्दीतल्या माणसाने झाडलेल्या गोळीचाही हिशोब द्यावा लागतो, ही गोष्ट लिटन यांनी कागदावर आणून ठेवली.

१९३१ साली नाझी पक्षाच्या गुंडांनी कामगारांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमावर केलेल्या हल्ल्याचा खटला उभा राहिला. जखमी कामगारांच्या वतीने लिटन होते. ही मारहाण पक्षाच्या धोरणाचाच भाग आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी साक्षीला बोलावले ते खुद्द अ‍ॅडॉल्फ हिटलरला. ८ मे रोजी हिटलर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आपला पक्ष कायद्याच्या चौकटीत चालतो, असे तो शपथेवर सांगत होता. लिटन यांनी त्याच्यापुढे गोबेल्सची एक पुस्तिका ठेवली. विरोधकांना ठेचण्याची भाषा तिच्यात छापलेली होती. पक्षाच्या प्रचारप्रमुखाचे हे लिखाण कायदेशीर कसे, या प्रश्नावर हिटलर लालबुंद होऊन ओरडू लागला. लिटन तेव्हा २७ वर्षांचे होते.

हिटलर ते विसरला नाही. सत्ता हाती आल्यावर, २८ फेब्रुवारी १९३३ च्या पहाटे, राइशस्टागला आग लागली त्याच रात्री, लिटन यांना घरातून उचलले. ना आरोपपत्र, ना खटला. जुन्या अशिलांविरुद्ध माहिती काढण्यासाठी त्यांचा अतोनात छळ झाला. मार सहन न होऊन त्यांनी काही जबाब दिला, पण मागोमाग पत्र लिहून तो मागे घेतला. छळ करून काढलेला तो जबाब खोटा आहे, असे त्यांनी पोलिसांनाच कळवले आणि मग स्वतःचा जीव देण्याचा प्रयत्न केला. तो फसला.

आपल्याकडे पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम होते, नव्या कायद्यातही आहे. पुष्कळांना ती गुन्हेगाराला दिलेली पळवाट वाटते. मला ते कलम वाचताना कोठडीत बसून पत्र लिहिणारे लिटन आठवतात.

आई इर्मगार्ड पाच वर्षे मुलाच्या सुटकेसाठी मंत्र्यांचे, सेनाधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिल्या. उपयोग झाला नाही. एका छावणीतून दुसरीत करत लिटन अखेर डाखाउला पोहोचले आणि ५ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे गळफास लागलेल्या स्थितीत सापडले. वय अवघे ३४. पुढे आईने परदेशात जाऊन मुलाची हकिकत पुस्तकरूपाने जगापुढे मांडली.

ज्या देशात पोलिसांना प्रश्न विचारणारा वकील आधी कोठडीत जातो, तिथे नंतर कोणाचीच पाळी टळत नाही. आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील त्या एका माणसाइतकाच बाहेरच्या सगळ्यांसाठी उभा असतो.

आज बर्लिनमध्ये न्यायालयाची जुनी भव्य इमारत ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला लिटन यांचे नाव आहे. आपल्या शाळेतली एखादी मुलगी किंवा मुलगा वकील व्हायचे म्हणत असेल, तर गुरुजनांनी हे नाव त्यांना जरूर सांगावे.