महारेणूंचे उपासक : हेर्मान स्टाउडिंगर

उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारे मलम लावून मनुष्य पोहावयास उतरला, तरी ते मलम चटकन धुऊन जात नाही. केसांवर उडविलेला फवारा क्षणात वाळतो आणि वाऱ्यातही केस बसविलेले राहतात. नखांवर लावलेला रंग काचेसारखा चमकतो. या तिन्ही चमत्कारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : डोळ्यांना न दिसणारा एक पातळ पापुद्रा. कारखान्यात बनविलेल्या काही द्रव्यांना असा पापुद्रा धरण्याचा गुण असतो. हा गुण त्यांना कोठून येतो, हे ज्यांच्या संशोधनामुळे जगाला उमगले, त्या हेर्मान स्टाउडिंगर यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे आहे.

स्टाउडिंगर यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील र्‍हाइन नदीकाठच्या वर्म्स या प्राचीन नगरात झाला. त्यांचे वडील फ्रान्झ हे तत्त्वज्ञानाचे व्यासंगी शिक्षक होते. बुद्धीच्या कामाबरोबर हातांनाही काम आले पाहिजे, या त्यांच्या आग्रहामुळे हेर्मान यांनी काही काळ सुतारकामाचे शिक्षण घेतले. त्यांचा खरा ओढा वनस्पतिशास्त्राकडे होता. परंतु वनस्पतींचे अंतरंग समजण्यासाठी आधी रसायनशास्त्र पक्के हवे, असा सल्ला मिळाल्यामुळे ते रसायनशास्त्राकडे वळले आणि तेथेच जन्मभर रमले. १९०३ साली हाले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर ते स्ट्रासबुर्ग येथे गेले. तेथे त्यांनी कीटीन नावाच्या अत्यंत चंचल संयुगांचा शोध लावला. लहान वयातच त्यांचे नाव झाले. कार्ल्सरूह येथे काही वर्षे अध्यापन केल्यानंतर १९१२ साली झुरिकच्या विख्यात तंत्रविद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले रुझीच्का आणि राइखश्टाइन हे दोघेही तेथे त्यांच्या हाताखाली काम करीत असत.

अशा रीतीने प्रतिष्ठा आणि स्थैर्य ही दोन्ही पदरात पडली असता, चाळिशीच्या उंबरठ्यावर स्टाउडिंगर यांनी एक बिकट वाट धरली. रबर, पिठातील स्टार्च, कापसातील सेल्युलोज यांची रचना नेमकी कशी असते, हा प्रश्न त्या काळी सुटलेला नव्हता. अशा पदार्थांत पुष्कळसे लहान रेणू केवळ दुर्बळ आकर्षणाने एकत्र गोळा झालेले असतात, असे बहुतेक मान्यवर रसायनज्ञ समजत. एकच रेणू हजारो अणूंचा असू शकेल, ही कल्पना त्यांना अशक्य कोटीतील वाटे. १९२० साली स्टाउडिंगर यांनी एका निबंधात नेमके हेच प्रतिपादन केले. माळेतील मण्याला मणी ओवावा त्याप्रमाणे लहान रेणू खऱ्या रासायनिक बंधांनी एकमेकांस जोडले जातात आणि त्यांची लांबच लांब साखळी बनते, असे त्यांचे म्हणणे होते. अशा साखळीला पुढे त्यांनी महारेणू हे नाव दिले.

केवळ प्रतिपादन करून ते थांबले नाहीत. रबरातील लहान रेणू त्यांच्यातील दुहेरी बंधांच्या आकर्षणामुळे एकत्र राहतात, असे विरोधक मानीत. तसे असेल, तर हायड्रोजनच्या साह्याने ते दुहेरी बंध नाहीसे केल्यावर रबराचा गोळा विस्कटला पाहिजे आणि त्यातून सहज ऊर्ध्वपातन होणारा हलका पदार्थ मिळाला पाहिजे. १९२२ साली स्टाउडिंगर आणि त्यांचे सहकारी फ्रिची यांनी हा प्रयोग केला. रबराचे ऊर्ध्वपातन झाले नाही, आणि त्याचे द्रावणही मूळ रबराच्या द्रावणासारखेच वागले. साखळी खरीच होती.

तथापि रूढ मत एका प्रयोगाने ढळत नाही. स्फटिकशास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मोजमापांचा दाखला देऊन त्यांना विरोध केला. हाइनरिख वीलंड यांच्यासारख्या थोर स्नेह्यानेही, एवढे मोठे रेणू असूच शकत नाहीत, तेव्हा हा नाद सोडावा, असे सुचविले. १९२५ साली झुरिक सोडण्यापूर्वी दिलेल्या व्याख्यानात त्यांना जवळजवळ एकट्यानेच सर्वांना तोंड द्यावे लागले. १९२६ साली ते फ्रायबुर्ग विद्यापीठात आले. आपला पूर्वीचा सारा यशस्वी विषय बाजूस ठेवून त्यांनी महारेणूंनाच वाहून घेतले. पॉलिस्टायरीन आणि पॉलिऑक्सिमेथिलीन या कृत्रिम द्रव्यांच्या लहानमोठ्या साखळ्या तयार करून, साखळीची लांबी वाढते तसा द्रावणाचा दाटपणाही वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांची पत्नी माग्दा ही लाटव्हियाची वनस्पतिशास्त्रज्ञ या कामात त्यांची सहकारी होती. १९३० नंतर विरोध हळूहळू मावळला. अमेरिकेत कॅरदर्स यांनी १९३५ साली नायलॉन तयार केले, तेव्हा तर महारेणूंचे अस्तित्व सर्वांच्या हाती लागले.

आता प्रारंभी सांगितलेल्या पापुद्र्याकडे वळू. साखरेचे पाणी बशीत वाळू दिले, तर मागे खडे उरतात. डिंकाचे पाणी मात्र वाळले की सलग पापुद्रा धरते. साखरेचा रेणू लहान असतो. पाणी उडून जाताच असे रेणू सुटे होऊन नीट रांगेत बसतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. डिंकाचा रेणू मोठा आणि फांद्याफांद्यांचा असतो. असे असंख्य रेणू एकमेकांत गुंतून जाळे विणतात. खळ दिलेल्या कापडाला ताठपणा येतो, तोही अशाच मोठ्या रेणूंच्या आवरणामुळे.

हाच गुण माणसाने हवा तसा घडविण्यास आरंभ केला. स्टाउडिंगर यांच्या जन्मगावापासून जवळच असलेल्या लुडविग्सहाफेन येथील कारखान्यात वॉल्टर रेप्पे यांनी १९३०-४० या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हायनिल पायरोलिडोन हे द्रव्य तयार केले. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रवाऐवजी त्याचा उपयोग झाला, आणि पुढे १९५० नंतर केसांच्या फवाऱ्यात ते आले. हे द्रव्य पाण्यात विरघळते. सूर्यरोधक मलमास पाण्यात टिकणारा पापुद्रा हवा असतो. म्हणून त्याच्या साखळीला हेक्साडिसीन किंवा आयकोसीन यांसारखे तेलकट भाग जोडतात. असा पापुद्रा पाण्याला दूर ठेवतो आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्वचेवर धरून ठेवतो. किरण अडविण्याचे काम ती द्रव्ये करतात, पापुद्रा केवळ त्यांना जागेवर राखतो. घामाने आणि घासण्याने तोही झिजतो, म्हणून सुमारे दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर मलम पुन्हा लावावे लागते.

या विद्येची दुसरी बाजूही विसरता कामा नये. कृत्रिम साखळ्यांपैकी पुष्कळ निसर्गात लवकर कुजत नाहीत. प्रसाधनांत मुद्दाम घातलेल्या प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांवर युरोपीय संघाने २०२३ साली निर्बंध घातले. पाण्यात विरघळणारी पापुद्राकारक द्रव्ये त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. तथापि नवी द्रव्ये निर्माण करणाऱ्याने त्यांच्या अंताचाही विचार केला पाहिजे, ही जाणीव आता जागी झाली आहे.

विज्ञान माणसाच्या हिताचे असावे, याबद्दल स्टाउडिंगर स्वतः निर्भय होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी युद्धाविरुद्ध लेखणी चालविली. विषारी वायूंच्या वापराचा निषेध केल्यामुळे फ्रिट्झ हाबर यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. त्याची किंमत पुढे द्यावी लागली. १९३३ साली नाझी राजवट आल्यावर फ्रायबुर्गचे तत्कालीन कुलगुरू, तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी ती जुनी मते सरकारच्या कानावर घातली. गुप्त पोलिसांनी चौकशी केली, बडतर्फीची शिफारस झाली, आणि त्यांचे पद जेमतेम वाचले. नोव्हेंबर १९४४ मधील बाँबवर्षावात त्यांच्या प्रयोगशाळेची राखरांगोळी झाली. तरीही १९४७ साली त्यांनी महारेणूंच्या रसायनशास्त्रास वाहिलेले नियतकालिक सुरू केले.

१९५३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. मूळ निबंधाला ३३ वर्षे उलटून गेली होती. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांचे देहावसान झाले.

थोरामोठ्यांचा विरोध झाला असता त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. प्रत्येक आक्षेपाला त्यांनी नव्या प्रयोगाने उत्तर दिले. एकेक कडी जोडीत साखळी वाढावी, तसे त्यांचे आयुष्य वाढत गेले. आपल्या अभ्यासातही अशी एकेक कडी रोज जोडली, तर तेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.