बडी बहनजी आणि आपलं धानोरा

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार. मी मात्र आपल्या शाळेत कधीच न आलेल्या एका बाईंबद्दल लिहितो. गुरुजन रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आठवतं ना, दहावीच्या पावसाळ्यात आपल्या वर्गातली एक मैत्रीण तापानं गेली? नाल्याला पूर होता, डॉक्टरपर्यंत पोचताच आलं नाही. मी आरोग्यसेवक झालो तो त्यामुळे. पुढे एकदा सेवाग्रामला जाणं झालं आणि डॉ. सुशीला नायर यांचं काम कळलं. तोवर त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यांचा जन्म १९१४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या कुंजाहचा. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकल्या. भाऊ प्यारेलाल गांधीजींचे सचिव. त्यांच्याकडे सेवाग्रामला आल्या, तर तिथे कॉलऱ्याची साथ! ती निस्तरता निस्तरता तिथल्याच झाल्या. १९४२ मध्ये अटक झाली. आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात त्यांनीच शुश्रूषा केली. गांधीजींनंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या. १९६२ ते ६७ केंद्रात आरोग्यमंत्री होत्या, पण मला सांगायचंय ते त्यापुढचं.

१९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, त्यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. विद्यार्थी त्यांना बडी बहनजी म्हणत. प्रवेश मिळाला की आधी पंधरवडाभर आश्रमात राहायचं, सफाई करायची, खादी घालायची. (खादीची सक्ती मला अजून पटलेली नाही.) मग प्रत्येक बॅचला एक दत्तक गाव. तिथे मुक्काम करायचा, प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं. पाणी कुठून भरता, पोराला लस टोचली का, बाळंतपण कुठे झालं, हे विचारून लिहून घ्यायचं आणि पुढची काही वर्षं त्याच घरी पुन्हा पुन्हा जायचं. बाल्टिमोरला जे वर्गात शिकवत, ते त्यांनी वर्ध्याच्या खेड्यात चुलीजवळ बसून शिकायला लावलं. तिथले सगळे डॉक्टर खेड्यात राहिले असं नाही, पुष्कळ शहरात गेले. पण पदव्युत्तर शिक्षण तिथेच हवं असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा, हा नियम झाला.

आपल्या तालुक्यात चातगावला शोधग्राम उभं करणारे डॉ. अभय बंगही सेवाग्रामच्याच वातावरणात वाढले आणि जॉन्स हॉपकिन्सलाच शिकून गडचिरोलीत आले. हा धागा मला फार उशिरा दिसला.

३ जानेवारी २००१ रोजी बहनजी गेल्या. मागच्या पावसाळ्यात सेवाग्रामला शिकलेली एक तरुण डॉक्टर माझ्यासोबत एका टोल्यावर आली होती. एका घरात ताप होता. तिनं रक्ताचा नमुना घेतला, गोळ्या दिल्या आणि मग माणसं किती, मच्छरदाण्या किती, ते मोजायला आत गेली. चार माणसांत एकच होती. परतताना नाल्याला पाणी चढलं होतं, म्हणून रात्री आम्ही तिथेच थांबलो.