कवि वर्डस्वर्थ व त्याचे डोंगर

इंग्लंडच्या वायव्येस डोंगर व सरोवरें यांचा एक रानवट प्रांत आहे. तेथेंच, कॉकरमथ गांवीं, १७७० सालीं विल्यम वर्डस्वर्थ जन्मला. आठव्या वर्षीं आई गेली, चौदाव्या वर्षीं वडील. हॉक्सहेडच्या शाळेंत शिकणाऱ्या या पोरक्या मुलाला डोंगरांनींच सांभाळिलें म्हणावयाचें.

१७९९ सालीं बहीण डॉरोथी हिच्यासह तो ग्रासमियर येथें राहावयास आला. डॅफोडिल फुलांवरील त्याची कविता पाठ करणाऱ्या आमच्या मुलांस ठाऊक नसतें, कीं तीं फुलें आधीं तिच्या रोजनिशींत उमललीं होतीं! १८१२ सालीं दोन मुलें दगावलीं. तरी त्यानें तो प्रांत सोडिला नाहीं.

प्रवाशांकरितां मार्गदर्शक पुस्तक लिहून त्यानेंच लोकांस तिकडे बोलाविलें. आणि १८४४ सालीं विंडरमियरपर्यंत आगगाडी येणार असें कळतांच विरोधही त्यानेंच केला. मजुरांच्या झुंडींनीं तेथील शांति भंगेल, हें त्याचें भय. देवानें निर्मिलेले डोंगर पाहण्यास गरिबांना आडकाठी कां? येथें आम्हांस त्याचें म्हणणें पटत नाहीं. गाडी १८४७ सालीं आलीच.

१८५० सालीं तो वारला. पुढें १८७२ सालीं रस्किन कॉनिस्टन सरोवराकांठीं येऊन राहिला. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या व त्यांचीं चित्रें काढणाऱ्या बिअट्रिक्स पॉटर हिनें १९०५ सालीं याच प्रांतांत शेत घेतलें. ती १९४३ सालीं वारली, तेव्हां तिची चार हजार एकरांहून अधिक जमीन मृत्युपत्रान्वयें नॅशनल ट्रस्टकडे गेली. तिच्या आवडीचीं हर्डविक मेंढरें त्या डोंगरांवर अजून चरतात.