बंदूक-कारागिराचा हक्क

स्कीट या नेमबाजीच्या खेळासाठी बंदूक घ्यावयास निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या बाराचा. मैदानाच्या दोन टोकांना दोन लहान घरे, एक उंच व एक ठेंगणे. त्यांतून तबकड्या भिरकावल्या जातात आणि अर्धवर्तुळावरच्या सात जागांवरून व दोन घरांच्या मधोमध असलेल्या आठव्या जागेवरून त्या हवेतल्या हवेत छर्‍यांनी फोडावयाच्या असतात. अमेरिकेतील पद्धतीनुसार एका फेरीत पंचवीस काडतुसे. यांपैकी चार जागांवर दोन्ही घरांतून तबकड्या एकाच वेळी सुटतात. पहिली फोडून दुसरीकडे वळेपर्यंत बंदुकीत दुसरा बार तयार असावा लागतो. तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक तर बंदुकीला दोन नळ्या हव्यात, नाहीतर एकाच नळीत पुढचे काडतूस आपोआप चढविणारी यंत्रणा हवी. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अर्धस्वयंचलित बंदुकीचा बाजारात टिकलेला पहिला नमुना ज्याने घडविला, तो जॉन मोझेस ब्राउनिंग.

महाराष्ट्राला हे नाव अगदी वेगळ्या संदर्भात परिचित आहे. 1909 साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली, आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु ब्राउनिंग हे एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, तो अमेरिकेतील युटा प्रांताचा रहिवासी होता आणि त्याच्या नावाची पिस्तुले बेल्जियममध्ये बनत होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकन माणसाच्या कल्पनेला बेल्जियमचा कारखाना का गाठावा लागला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना छर्‍याच्या बंदुकीची हकिकत मात्र मोठी उद्बोधक ठरते.

ब्राउनिंगचा जन्म 23 जानेवारी 1855 रोजी ऑग्डेन या गावी झाला. बाप जोनाथन हा मॉर्मन पंथाचा अनुयायी व व्यवसायाने बंदुका घडविणारा कारागीर. इलिनॉयमधून पंथबांधवांना हुसकावून लावण्यात आले, तेव्हा तोही त्यांच्या पाठोपाठ पश्चिमेकडे निघाला व 1852 मध्ये युटात पोहोचला. तीन बायका आणि बावीस मुले असा त्याचा संसार. दुकानात नव्या बंदुकांपेक्षा मोडक्या बंदुकाच अधिक येत, आणि जॉन वाढला तो या मोडतोडीच्या ढिगातच. दहा वर्षांच्या वयात त्याने भंगारातल्या नळीला लाकडाचा दस्ता जोडून एक बंदूक तयार केली आणि धाकटा भाऊ मॅट याला बरोबर घेऊन शिकारही करून आणली, अशी हकिकत त्या घराण्यात सांगतात. दुरुस्तीच्या दुकानात शिकणाऱ्याला एक लाभ होतो, जो आरेखनाच्या मेजावर शिकणाऱ्याला सहसा होत नाही. यंत्र कोठे मोडते हे त्याला आधी कळते.

1879 साली वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने एकबारी रायफलचे पहिले पेटंट मिळविले. त्याच वर्षी बाप वारला, त्याच वर्षी लग्नही झाले. भावाभावांनी मिळून ऑग्डेनमध्येच छोटासा कारखाना काढला. यंत्रे जुजबी, भांडवल त्याहून जुजबी. 1883 मध्ये विंचेस्टर या बलाढ्य कंपनीचा बेनेट हा अधिकारी त्या रायफलचा शोध घेत आगगाडीने थेट ऑग्डेनला आला आणि 8,000 डॉलर मोजून तिचे हक्क घेऊन गेला. दुकानदार भावंडांना ही रक्कम घबाडच वाटली असणार. तिच्यातून जो संबंध जुळला तो एकोणीस वर्षे टिकला. या काळात जॉनने (मधली दोन वर्षे तो जॉर्जिया प्रांतात धर्मप्रचारासाठी हिंडत होता, ती वगळता) विंचेस्टरला एकामागून एक नमुने दिले. 1886 व 1894 सालच्या रायफली त्यांतल्याच. नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस चढविण्याची 1897 सालची छर्‍याची बंदूकही त्याचीच.

व्यवहाराची रीत ठरलेली होती. नमुना द्यावयाचा, एकरकमी पैसे घ्यावयाचे, संबंध संपला. कंपनीने असे चाळीसांहून अधिक नमुने विकत घेतले आणि प्रत्यक्षात कारखान्यातून बाहेर काढले ते जेमतेम दहा. उरलेल्यांचे पैसे वाया गेले असे समजण्याचे कारण नाही. प्रतिस्पर्ध्याच्या हाती ते पडू नयेत, एवढ्यासाठीही ती किंमत कंपनीला परवडत होती. आपले नमुने कपाटात बंद होत आहेत हे ब्राउनिंगलाही दिसत असणार. पण रोख रक्कम हाती पडत होती आणि डोक्यात पुढची कल्पना घोळत होती, तोवर त्याने तक्रार केली नाही.

त्या कल्पनेने मात्र हे सारे बदलले. 1889 साली नेमबाजी चालू असता, बार उडताच नळीच्या तोंडापुढचे गवत वाऱ्याने लववावे तसे लवताना त्याने पाहिले. प्रत्येक बाराबरोबर एवढी शक्ती फुकट जाते, तिच्याकडून बंदूक पुन्हा भरण्याचे काम का करून घेऊ नये? या निरीक्षणातून प्रथम वायूच्या दाबावर चालणारी यंत्रबंदूक निर्माण झाली. छर्‍याच्या बंदुकीचा प्रश्न याहून अवघड होता. त्या काळची काडतुसे कागदी, दमट हवेत फुगणारी, आणि कोणात दारू कमी तर कोणात जास्त. अशा बेभरवशाच्या मालावर एकच यंत्र अचूक चालावयाचे होते. 1898च्या सुमारास त्याने धक्क्याचा मार्ग निवडला. बार उडाला की नळी व तिच्या मागचा खटका एकमेकांत अडकलेल्या स्थितीत मागे सरकतात. मग नळी एकटीच पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि पाठोपाठ खटका नवे काडतूस घेऊन पुढे येतो. दारू कमीजास्त असेल त्याचीही सोय त्याने केली. नळीखालच्या स्प्रिंगवर घर्षणाची कडी बसविली आणि काडतूस हलके की भारी यानुसार तिची जागा बदलता येईल असे केले. 1900 साली मिळालेल्या पेटंटांनी ही रचना चोहोबाजूंनी बंदिस्त झाली.

ही बंदूक एकरकमी विकावयाची नाही, असे त्याने ठरविले. प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी. बेनेटने नकार दिला. त्याच्या नकारालाही व्यापारी कारण होते, हे मान्य केले पाहिजे. 1897ची बंदूक जोरात खपत असताना तिच्या मुळावर येणारा माल आपणच काढावा आणि वर प्रत्येक नगामागे संशोधकाला वाटा द्यावा, हा पायंडा कोणाही कारखानदाराला जड गेला असता. पण एकरकमी किंमत देणारा मनुष्य संशोधकाला केवळ मोबदला देत नाही, तो त्याचे पुढचे सारे भवितव्यही विकत घेतो. माल पडला तर तोटा कंपनीचा हे खरे. माल चालला तर मात्र नफ्यात संशोधकाला काडीचाही वाटा नाही. आपला माल चालणार, याविषयी ब्राउनिंगला तिळमात्र शंका नव्हती. 1902 मध्ये तो बंदूक उचलून निघाला आणि एकोणीस वर्षांचा संबंध तुटला.

प्रथम तो रेमिंग्टन कंपनीच्या हार्टली या अध्यक्षाकडे गेला. भेट ठरली होती 8 जानेवारी 1902 रोजी. ब्राउनिंग बाहेर वाट पाहत बसला असतानाच हार्टली हृदयविकाराने मृत्यू पावल्याची वार्ता आली. तेव्हा त्याने युरोपची बोट धरली. लिएजजवळच्या हेर्स्ताल येथील फाब्रिक नॅशनाल हा कारखाना 1897 पासून त्याच्या परिचयाचा होता. त्याची पिस्तुले तेथेच बनत होती. त्या कारखान्याने रॉयल्टी मान्य केली. ब्राउनिंगनेही आपल्या स्वतःच्या जोखमीवर 10,000 बंदुकांची मागणी नोंदविली. वाटा मागणाऱ्याने जोखमीचाही भाग उचलावा, ही गोष्ट त्याने बोलून नव्हे तर करून दाखविली. 1903 पासून बंदुका बाहेर पडू लागल्या आणि ती पहिली खेप झपाट्याने खपली. पुढे अमेरिकेतल्या जबर आयात करामुळे परदेशी माल महाग पडू लागला, तेव्हा तेथील उत्पादनाचा परवाना रेमिंग्टनला देण्यात आला व 1905 पासून ती बंदूक ब्राउनिंगच्या मायदेशीही बनू लागली.

विंचेस्टरला आपली अर्धस्वयंचलित बंदूक काढावयास 1911 साल उजाडले, आणि तीही कशी! खटका ओढण्याच्या मुठीचे पेटंट ब्राउनिंगकडे, म्हणून या बंदुकीला मूठच नव्हती. काडतूस चढविण्यासाठी नळीच हाताने धरून मागे ढकलावयाची. काडतूस अडकले की काही लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळीला वरून जोर देत, आणि नळीचे तोंड आपल्याकडेच आहे हे विसरत. त्यातून अपघात झाले. नाकारलेल्या रॉयल्टीची ही किंमत ताळेबंदात कोठे दिसली असेल असे वाटत नाही.

हाच ब्राउनिंग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारशी कसा वागला, हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या शस्त्रांच्या हक्कांबद्दल सरकारने एकरकमी साडेसात लाख डॉलर देऊ केले. रॉयल्टीच्या हिशेबाने ही रक्कम कितीतरी पटींनी वाढली असती. त्याने घासाघीस केली नाही. म्हणजे 1902 मधला हट्ट हा पैशाचा लोभ होता, असे म्हणता येणार नाही. त्या शस्त्रांनी पुढे किती माणसे मारली हा प्रश्न वेगळा आहे, आणि कौतुकाच्या भरात तो बाजूला सारणेही बरोबर नाही.

स्वतः ब्राउनिंग उडत्या लक्ष्यावर नेम धरण्यात तरबेज होता. तो, भाऊ मॅट आणि दोन मित्र, चौघांचीही आडनावे ‘बी’ या अक्षराने सुरू होणारी, असा त्यांचा संघ 1890च्या दशकात युटात नावाजलेला होता. स्कीट हा खेळ मात्र त्याच्या उतारवयातला. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे चार्ल्स डेव्हिस व त्याचे सोबती घड्याळाच्या तबकडीसारख्या पूर्ण वर्तुळावरून नेमबाजीचा सराव करीत. शेजारी कोंबड्यांचे पालन सुरू झाले, छर्रे तिकडे जाऊ लागले, म्हणून वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले आणि दुसऱ्या टोकाला दुसरे यंत्र बसले. विल्यम फॉस्टरने खेळाला नियमबद्ध रूप दिले. 1926 साली नावासाठी शंभर डॉलरचे बक्षीस जाहीर झाले आणि माँटाना प्रांतातील एका बाईंनी सुचविलेला स्कीट हा शब्द रुजला.

या खेळात अर्धस्वयंचलित बंदुकीचे गुण व दोष दोन्ही उघडे पडतात. धक्क्याचा काही भाग यंत्रणाच खाऊन टाकते, त्यामुळे दिवसाकाठी शंभर बार काढणाऱ्याचा खांदा शाबूत राहतो. 1963 साली आलेली रेमिंग्टन 1100 ही वायूच्या दाबावर चालणारी बंदूक स्कीटच्या मैदानावर लोकप्रिय झाली ती मुख्यतः याच मऊपणामुळे. निवडताना नळी सव्वीस वा अठ्ठावीस इंचांची, तोंड मोकळे, कारण तबकडी वीसएक मीटरवरच फोडावयाची असते. वजन साडेतीन किलोच्या आसपास. आणि दस्ता आपल्या खांद्याला व गालाला बेताचा, हे पाहावयाचे. सर्वात हलक्या काडतुसावर ती न अडखळता चालते का, हे तर बंदूक घेण्यापूर्वीच तपासावे, कारण स्कीटमध्ये काडतुसे हलकीच वापरतात. ब्राउनिंगच्या मूळ बंदुकीत कडीची जागा चुकली तर हलके काडतूस यंत्राला पुरे मागे ढकलीत नाही, आणि भारी काडतूस सारी यंत्रणा ठेचून काढते. शिवाय रिकामी काडतुसे उजवीकडे उडतात. शेजारी उभ्या असलेल्याला ती लागतात, आणि घरी पुन्हा भरून वापरणाऱ्या काटकसरी माणसाला ती गवतातून वेचीत बसावे लागते. नळी मोडून उघडणाऱ्या दुनळी बंदुकीत यांपैकी काहीच नाही. ती उघडी असली की रिकामी आहे, हे सर्वांना लांबूनही दिसते. 1968 पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या स्कीटमध्ये आज बहुतेकांच्या हाती एकावर एक दोन नळ्यांची बंदूक दिसते, ती उगीच नव्हे.

आणि तीही ब्राउनिंगच्या हातून सुटली नाही. ज्याने एका नळीतून दुसरा बार काढून दाखविला, तोच अखेरच्या वर्षांत दोन नळ्या एकमेकींवर बसविण्याच्या कामाला लागला. दोन नळ्यांची चांगली बंदूक त्या काळी श्रीमंतांचीच मिरास होती. ती कारखान्यात बनवून सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आणावी, हा त्याचा हेतू होता. 26 नोव्हेंबर 1926 रोजी, स्कीटला नाव मिळाले त्याच वर्षी, हेर्स्तालच्या कारखान्यात मुलगा व्हॅल याच्या कचेरीत त्याचे हृदय बंद पडले. त्याच्या नावावर 128 पेटंटे होती. दुनळी बंदूक 1931 मध्ये बाजारात आली आणि तिचा एकच चाप दोन्ही नळ्यांसाठी चालावा, ही योजना व्हॅलने पुरी केली. अर्धस्वयंचलित बंदुकीचे उत्पादनही प्रथम बेल्जियममध्ये व नंतर जपानमध्ये, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले.