एल्विन आणि आदिवासींचे घर

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान जनमन अभियान सुरू केले. देशातील ७५ आदिम जमातींसाठी असलेल्या या अभियानात ४ लाख ९० हजार पक्की घरे बांधण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. आपल्याकडील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती त्यात आहेत आणि मध्य भारतातील बैगाही आहेत. बैगांचे नाव निघाले की डॉ. व्हेरियर एल्विन यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आदिवासीला घर द्यायचे म्हणजे नेमके काय द्यायचे, या प्रश्नाला सरकारी यंत्रणेच्या आत राहून भिडणारे ते पहिल्या काही माणसांपैकी एक होते.

एल्विन यांचा जन्म १९०२ साली इंग्लंडमधील डोव्हर येथे, एका बिशपच्या घरी झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. हिंदुस्थानात पाऊल टाकताच गांधीजींच्या प्रभावाखाली आलेल्या या तरुण पाद्र्याकडे सरकार आणि चर्च दोघेही संशयाने पाहू लागले. पुढे जमनालाल बजाज यांनी त्यांचे लक्ष मध्य प्रांतातील गोंडांकडे वेधले. जानेवारी १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह ते मैकल डोंगरातील करंजिया या खेड्यात जाऊन राहिले. एल्विनचरित्रात हिवाळ्यांचा उल्लेख बहुधा ओझरता येतो, हा अन्याय आहे. गावकऱ्यांत मिसळण्याची कला एल्विन यांच्यापेक्षा हिवाळ्यांनाच अधिक साधली होती, आणि परधान जमातीवर १९४६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांचाच आहे.

करंजियात हे दोघे मातीच्या झोपडीत राहिले. धर्मप्रसार करावयाचा नाही असे एल्विन यांनी ठरविले आणि काही वर्षांतच चर्चशी असलेला संबंधही तोडला. मग शाळा, औषधोपचार आणि सोबत टिपणे असा वीस वर्षांचा क्रम मंडला आणि बस्तर भागात चालला. बैगांवरील ग्रंथ १९३९ मध्ये आला, तर मुरियांच्या घोटुलवरील १९४७ मध्ये. घोटुल म्हणजे अविवाहित मुलामुलींचे सामायिक घर. परंतु त्याला निव्वळ शयनगृह समजणे चूक ठरेल. गावातील लग्नकार्य, सण, मर्तिक यांत तरुणांनी कोणते काम उचलायचे याची शिस्त तेथेच लागे. त्याच्या कोरीव खांबांचे वर्णन एल्विन यांनी जिव्हाळ्याने केले आहे. गावाचा आराखडा काढणाऱ्याने केवळ कुटुंबे मोजून तितक्या खोल्या आखल्या, तर घोटुलला त्यात जागाच उरत नाही.

बैगांच्या बाबतीत त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. कुडाची भिंत, बांबूचे वासे आणि गवताचे छप्पर हे सारे जंगलातून येते. जंगलखात्याने जंगल बंद केले तेव्हा बैगाची बेवर शेती गेली, आणि घर दुरुस्त करण्याची सोयही त्याबरोबरच परक्याच्या हाती गेली.

तथापि एल्विन यांचे सारेच बरोबर होते असे मानण्याचे कारण नाही. बैगांसाठी राखीव प्रदेश असावा ही त्यांची १९३९ मधील कल्पना वादग्रस्त ठरली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात त्या विचाराचा कठोर समाचार घेतला. आदिवासींना वेगळे ठेवणे म्हणजे त्यांना मागे ठेवणे, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. एल्विन यांनीही पुढे ती भूमिका सोडली. कोसी या राजगोंड मुलीशी १९४० साली झालेला त्यांचा विवाह १९४९ मध्ये संपुष्टात आला. त्यातील त्यांचे वर्तन त्यांच्या चाहत्यांनाही समर्थनीय वाटत नाही.

१९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. तेथील घरे मध्य भारतापेक्षा अगदी निराळी. न्यीशींच्या लांबच लांब घरात ओळीने अनेक चुली असतात आणि प्रत्येक चूल म्हणजे एक स्वतंत्र संसार. इदू मिश्मींच्या घरात भिंतीवर मिथुन या जनावराच्या कवट्या रांगेने लावलेल्या असतात, आणि त्यावरून घराची प्रतिष्ठा ठरते. चुलीवर टांगलेल्या फळ्यांवर मांस वाळते, आणि तोच धूर बांबूला कीड लागू देत नाही. अशा प्रदेशात सरकार पन्हळी पत्रे घेऊन येत होते. पत्रा उन्हात तापतो, पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही आणि तो फाटला तर गावात कोणाला बनविता येत नाही. शाळा, दवाखाने, कचेऱ्या स्थानिक धाटणीच्या असाव्यात, तेथे येणाऱ्याला परके वाटू नये, असा आग्रह एल्विन यांनी धरला. १९५७ च्या त्यांच्या पुस्तकातील विचारसरणीला पंडित नेहरूंचा पाठिंबा होता. १९६० साली विशेष आदिवासी विकासगटांसंबंधी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला, त्यातही योजनांचा भडिमार करू नये हाच सूर होता. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

जुन्या घरातील प्रत्येक गोष्ट जपावी असा याचा अर्थ नव्हे. गडचिरोलीतील माडिया स्त्रियांना पाळीच्या दिवसांत ज्या कुर्माघरात राहावे लागते, त्याचे कौतुक कोणी करू नये. गळके छप्पर आणि सापकिरडू यांत काव्य नाही. कातकरी आईला पक्के घर हवे असेल, तर ते मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. प्रश्न तिला विचारले जाते काय, हा आहे. रायगड-ठाण्यातील कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्ट्यांवर जाते. घरकुलाच्या अर्जात या दोन्ही गोष्टींना रकाना असलाच पाहिजे.

वस्तुतः ग्रामीण घरकुल योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असते, ठेकेदाराने नव्हे. केंद्राने २०१६ मध्ये प्रदेशवार, स्थानिक साहित्य वापरणाऱ्या नमुन्यांचा संग्रहही प्रसिद्ध केला आहे. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. परंतु पैशाचे हप्ते बांधकामाच्या ठराविक टप्प्यांच्या छायाचित्रांवर सुटतात आणि पक्के घर किमान तीस वर्षे टिकणारे असावे अशी व्याख्या आहे. दरवर्षी शेणमातीने लिंपून पिढ्यान्‌पिढ्या टिकविलेली कुडाची भिंत या व्याख्येत कोठे बसते, हे तालुक्याच्या अभियंत्याला कोणी सांगितलेले नसते. चौकोनी विटांच्या खोलीवर सही करणे त्याला सोपे जाते. मग दोन-चार वर्षांनी त्याच खोलीच्या पाठीशी घरधनीण कारवीचा आडोसा उभारते आणि चूल तेथे नेते.