सायकलवरून आलेला माणूस आणि हृदयाचा आलेख

२२ मार्च १९०५. नेदरलँड्समधील लायडन शहरात एक धडधाकट माणूस प्रयोगशाळेतून निघाला आणि सायकल मारत रुग्णालयात पोहोचला. तेथे मिठाचे पाणी भरलेल्या भांड्यांत हात बुडवून तो बसला. त्या भांड्यांना जोडलेली तार टेलिफोनच्या तारांना मिळाली होती आणि दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत त्याच्या हृदयाचा आलेख उमटत होता. त्या आलेखात काही लाटा चांगल्याच उंच दिसल्या. नुकत्याच मारलेल्या सायकलचा तो परिणाम असावा, असा अर्थ लावण्यात आला. व्यायाम आणि हृदयाचा आलेख यांची गाठ अशी फार पूर्वीच पडली होती. ती घालून देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव व्हिलेम आइंथोव्हेन.

आइंथोव्हेन यांचा जन्म १८६० मध्ये जावा बेटावरील सेमारंग येथे झाला. हा भाग तेव्हा डच वसाहत होता आणि वडील तेथे डॉक्टर होते. व्हिलेम लहान असतानाच वडील वारले. १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन मायदेशी परतली आणि उट्रेख्ट शहरात संसार पुन्हा उभा केला. व्हिलेमनेही वडिलांप्रमाणे डॉक्टर होऊन वसाहतीत नोकरीला जायचे, असे ठरले होते.

हा विद्यार्थी पुस्तकांत जितका रमे तितकाच मैदानावर. कसरत, तलवारबाजी आणि नौकानयन हे त्याचे आवडीचे व्यायाम. विद्यार्थ्यांचा नौकानयन संघ स्थापण्यात त्याचा पुढाकार होता. एकदा कसरत करताना पडून त्याचे मनगट मोडले. हात बांधून घरी बसावे लागले तेव्हा त्याने हाताच्या वळण्याचाच, म्हणजे तळवा वर-खाली फिरताना कोपर आणि खांदा काय करतात याचाच अभ्यास केला. शरीराकडे यंत्र म्हणून पाहण्याची आणि त्याचे मोजमाप करण्याची ही दृष्टी पुढे आयुष्यभर टिकली. १८८५ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. वसाहतीची वाट तेथेच सुटली.

हृदय आकुंचन पावते तेव्हा अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे तोवर ठाऊक झाले होते. छाती न उघडता, केवळ त्वचेवरून माणसाच्या हृदयाचा हा विद्युत आलेख प्रथम टिपला तो लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी, १८८७ मध्ये. वॉलर आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून सभांमध्ये प्रात्यक्षिके दाखवीत. मात्र रुग्णालयात याचा फारसा उपयोग होईल, असे त्यांना तेव्हा वाटत नव्हते. आइंथोव्हेन यांना ते वाटले. त्या काळी वापरात असलेल्या साधनात बारीक काचनळीतील पारा प्रवाहानुसार वर-खाली होई. पण पारा जड. हृदयाचा झटपट बदल तो सावकाश दाखवी आणि आलेखाचा आकार बिघडे. त्यातच प्रयोगशाळेची इमारत जुनी. बाहेरच्या दगडी रस्त्यावरून घोडागाडी गेली तरी साधन हादरे.

येथे आइंथोव्हेन यांचा स्वभाव दिसतो. यंत्राने दाखवलेला आलेख खरा मानायला ते तयार नव्हते. पारा किती मागे पडतो याचे गणित त्यांनी मांडले आणि त्या गणिताने मूळ आलेख दुरुस्त केला. १८९५ मध्ये या दुरुस्त आलेखातील लाटांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विद्युत हालचाल, क्यू-आर-एस म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यांची आणि टी म्हणजे ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होण्याची अवस्था. प्राथमिक आरोग्य केंद्रातील ईसीजीवर डॉक्टर आजही हीच अक्षरे वाचतात.

तरी दर आलेखामागे एवढे गणित करत बसणे रुग्णालयाला परवडणारे नव्हते. दुरुस्ती लागणारच नाही, असे साधन हवे होते. त्यासाठी आइंथोव्हेन यांनी क्वार्ट्‌झचा केसाहूनही कितीतरी बारीक धागा घेतला, त्यावर चांदीचा मुलामा दिला आणि तो प्रबळ विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसवला. हृदयाचा प्रवाह धाग्यातून गेला की धागा किंचित हले. त्याची सावली सूक्ष्मदर्शकातून मोठी करून सरकत्या फोटोच्या काचेवर टिपली जाई. १९०१ मध्ये त्यांनी या ‘स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर’चे वर्णन प्रसिद्ध केले. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते. ते चालवायला पाच माणसे लागत आणि चुंबक तापू नये म्हणून पाणी फिरवावे लागे.

असे धूड रुग्णाच्या खाटेजवळ नेणार कसे? म्हणून टेलिफोनच्या तारांची युक्ती निघाली. रुग्ण रुग्णालयात आणि यंत्र प्रयोगशाळेत, अशा रीतीने आइंथोव्हेन यांनी अनियमित ठोके, मोठे झालेले हृदय, खंडित विद्युतमार्ग अशा अनेक विकारांचे आलेख गोळा केले. व्यायामाआधीचे आणि नंतरचे आलेखही त्यांनी ताडून पाहिले. दोन हात आणि डावा पाय यांच्यामधील तीन जोड्यांची मांडणी त्यांनी रूढ केली. ती आज ‘आइंथोव्हेनचा त्रिकोण’ म्हणून ओळखली जाते.

१९२४ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते अमेरिकेत व्याख्याने देत होते. वॉलर दोनच वर्षांपूर्वी निवर्तले होते, त्यामुळे त्यांचा विचार होणे शक्य नव्हते. आइंथोव्हेन यांच्याबद्दल एक आठवण सांगितली जाते. यंत्र उभारताना राबलेला जुना सहाय्यक हयात नाही हे कळल्यावर त्यांनी त्याच्या गरीब बहिणींना शोधून काढले आणि पारितोषिकाच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांना दिला. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले.

आज सकाळी मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांच्या मनगटावर जे घड्याळ असते, त्याचे आइंथोव्हेन यांच्याशी दोन प्रकारचे नाते आहे. छातीला बांधायचा पट्टा हा त्यांच्या यंत्राचा थेट वारस. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो आणि दोन आर लाटांमधील वेळेवरून ठोके मोजतो. अंतर एक सेकंदाचे असेल तर मिनिटाला ६० ठोके, अर्ध्या सेकंदाचे असेल तर १२०. मनगटी घड्याळ एरवी वेगळ्या तत्त्वावर चालते. त्यातील हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो. काही घड्याळांत ईसीजीची सोयही असते. एका मनगटावर घड्याळ आणि दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या कडेवर ठेवले की मिळणारा आलेख म्हणजे आइंथोव्हेन यांच्या तीन जोड्यांपैकी पहिली.

हिरव्या प्रकाशाचे घड्याळ कुठे फसते, हे व्यायाम करणाऱ्याने जाणून घ्यावे. पट्टा सैल असेल, हात जोरात हलत असेल, थंडीने त्वचेतील रक्तप्रवाह कमी झाला असेल किंवा त्या जागी गोंदण असेल, तर आकडा चुकू शकतो. वेग एकदम वाढवला तर घड्याळ मागे पडते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण काचणार नाही असे बांधावे. शंका आली तर थांबून नाडीवर बोटे ठेवून ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत.

२२० वजा वय हे कमाल ठोक्यांचे सूत्रही अंदाजच आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो. मध्यम व्यायामात कमाल ठोक्यांच्या ५० ते ७० टक्के एवढी गती पुरते. त्या वेळी बोलता येते, पण गाता येत नाही, ही साधी खूणही विश्वासार्ह आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी वाढतात. अशांनी घड्याळातील आकडा गाठण्यासाठी जिवाचा आटापिटा करू नये. आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घड्याळातील एका जोडीच्या ईसीजीवरून हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, चक्कर यांपैकी काही जाणवले आणि घड्याळ सगळे ठीक दाखवत असले, तरी व्यायाम तेथेच थांबवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयातील बारा लीडचा ईसीजी लगेच काढून घ्यावा.