रामनामी गवई : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

आषाढीच्या वाटेवर पालख्या पुण्यनगरीत मुक्कामाला येतात. माउली भवानी पेठेत विसावतात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. त्या गर्दीत टाळ हाती घेतलेल्याला कोणी विचारीत नाही की, बाबा, तुझा सूर लागतो का, तू कोणाचा शिष्य? नाम घ्यायला आला तो आपला. आपल्याला हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतच नाही. पण रागदारीच्या गाण्याचे तसे नव्हते. ते राजवाड्यात नाहीतर बैठकीत कोंडलेले. सभ्य घरातला माणूस मुलाला गवई करायला धजत नसे, मुलीचे तर नावच नको. ती कोंडी फोडण्यात ज्या पुरुषाने आयुष्य वेचले आणि शेवटी सर्व टाकून रामनामाला मिठी मारली, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र आज आठवू.

कुरुंदवाड हे कृष्णाकाठचे लहानसे संस्थान. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी, नारळी पौर्णिमेला, पंडितजींचा जन्म झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. म्हणजे पहिले गाणे कानी पडले ते हरिदासाच्या वीणेचे. पुढे दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका मुलाच्या तोंडाजवळच फुटला आणि डोळे गेल्यासारखे झाले. औषधपाण्याने थोडे दिसू लागले, पण दृष्टी अधू झाली ती कायमची. शाळा सुटली. आता या पोराचे व्हायचे काय, हा घरच्यांना घोर. गळा गोड होता, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवावे असे ठरले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गुरू. त्यांच्यापाशी राहून, पडेल ते काम करून, विष्णूने विद्या मिळविली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा कानांनी हात दिला. देवाची करणी ती अशी!

मिरजेची एक गोष्ट सांगतात. गावात मोठा समारंभ होता. विष्णूला आमंत्रण आले, गुरूंना नाही. चौकशी केली तेव्हा कळले, ते काय, गवईच ना! ज्यांच्या पायाशी बसून विद्या घेतली त्यांची ही किंमत, हे शल्य मनात रुतले. १८९६ साली पंडितजींनी मिरज सोडली. गुरुगृहातही काही मतभेद झाले होते म्हणतात. कारण एक असो की दोन, तरुण विष्णू बाहेर पडला तो गाण्याला आणि गाणाऱ्याला समाजात मानाचे पान मिळवून द्यायचे असा पण करूनच.

बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास झाला. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून सर्वांसाठी जलसा केला. आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटेल. पण विचार करा, तोवर उत्तम गाणे ऐकायचे तर कोणा श्रीमंताची ओळख लागे. आता चार आणे टाकणारा दुकानदारही राजाइतकाच श्रोता झाला.

पुढे पंडितजी पंजाबात गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. परका मुलूख, परकी भाषा, हाती पैसा नाही. सुरुवातीला कितीएक दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. ठरल्या वेळी पंडितजी एकटेच तंबोरा लावून बसत आणि गात, असे त्यांचे शिष्य सांगत. हळूहळू माणसे येऊ लागली. स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय झाली. कोणा एका संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांचे उत्पन्न यांवर ही संस्था चालली. काही विद्यार्थ्यांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत आणि त्यांचे जेवणखाण, राहणे, शिक्षण सगळे विनामूल्य करीत. तेच पुढे उपदेशक म्हणून देशभर जायचे. १९०८ साली मुंबईतही विद्यालय निघाले. गाणे कागदावर उतरविण्याची स्वरलिपी त्यांनी बसविली, पुस्तके छापली. त्यांची शिस्त कडक होती आणि शिष्यांना ती जाचेही. जुन्या चिजांतले शृंगाराचे शब्द काढून त्यांनी भक्तीचे शब्द घातले, हे काही जाणकारांना रुचले नाही. त्यांच्या स्वरलिपीपेक्षा पंडित भातखंड्यांची लिपी सोपी, म्हणून तीच अधिक रूढ झाली. हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

पण आपल्याला महत्त्वाचे ते त्यांचे भजन. तुलसीदास, सूरदास, कबीर, मीराबाई यांची पदे त्यांनी रागांत बांधली आणि जलशात मानाने गायिली. भजन म्हणजे गाणे न येणाऱ्याची सोय, असा पुष्कळ गवयांचा समज. पंडितजींनी तो मोडला. रामधून आज ज्या चालीत घरोघरी म्हणतात ती चाल त्यांचीच मानतात. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, तेथली प्रार्थना त्यांनी सुरात बसविली, आश्रम भजनावली सिद्ध केली आणि १९३० साली गांधीजींबरोबर दांडीपर्यंत चालत गेले. म्हणा ना, तीही एक वारीच!

काँग्रेसच्या अधिवेशनांत पंडितजी वंदे मातरम् गात. १९२३ साली काकिनाड्यास अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणाने गायनास हरकत घेतली. पंडितजी थांबले नाहीत, गीत पुरे करूनच खाली बसले.

आता कसोटीचा काळ ऐका. मुंबईत विद्यालयासाठी मोठी इमारत उभी केली होती, ती कर्ज काढून. गावोगाव जलसे करून पंडितजी पैसा आणीत, पण व्याज काही सरेना. शेवटी सावकारांनी इमारत घेतली. लाहोरच्या एकट्या तंबोऱ्यापासून जे उभारले त्याची ही गत! घरातही दुःख होतेच. अनेक अपत्ये झाली आणि गेली, मागे राहिला एकटा दत्तात्रेय. अशा वेळी माणूस कडू होतो, जगाला बोल लावतो. पंडितजींचे मन आधीच रामाकडे वळले होते. अंगावर भगवे आले, मुक्काम नाशिकास पंचवटीत पडला. तेथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. तुलसीरामायण सांगावे, नाम गावे, हाच दिनक्रम. नुसत्या गाण्याच्या ओढीने आलेल्या रसिकांनी हळहळ केली की एवढा गवई वाया गेला.

वाया गेला का? वाचकहो, येथेच क्षणभर थांबू. कीर्तनकाराचा मुलगा रागाच्या वाटेने सारा हिंदुस्थान फिरला आणि अखेर नामाच्या ओसरीवर येऊन बसला. तो घरीच परतला, असे आम्हाला वाटते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींनी देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. वर्ष उलटायच्या आत, ८ मे १९३२ रोजी, शिष्योत्तम विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय उघडले. बुवा तोवर बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होते. ते वैभव सोडून त्यांनी गुरूचे काम शिरावर घेतले. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा असलेला दत्तात्रेय बुवांच्या हाताखाली तयार झाला. तोच रसिकांचा लाडका डी. व्ही. पलुस्कर. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. पण त्याची भजने ज्यांनी ऐकली त्यांना त्या सुरात बापाची पुण्याई ऐकू येते.

मुंबईची इमारत हातची गेली. १९४७ च्या फाळणीत लाहोरही परक्या देशात गेले. पण शिष्यांच्या कंठात ठेवलेली ठेव कोणत्याही सावकाराला नेता आली नाही. पुढच्या आषाढीला पालखीमागे चालताना एखाद्या दिंडीत गोड चाल कानी पडली, तर या अधू डोळ्यांच्या गवयाची आठवण ठेवा. सूर थोडा चुकला तरी हरकत नाही, नाम मात्र चुकू देऊ नका.